गाडीचं थोबाड

केशोरी
१४ सप्टेंबर २०२५

ती. धुरपताबाईले रुख्माचा नमस्कार.

बाई, फोन न करता कागद लिहून राहिली म्हणून घाबरू नका, कोणी मेलं नाई. घरात फोन दोनच, एक आपल्या सुनेच्या, रेणूच्या हातात. दुसरा तुमच्या भावाच्या खिशात. मंग मी बोलू कुठून? हा कागद उमेंद्रच्या टेम्पोत देऊन राहिली, तो धान घेऊन तिकडं येतेच. पाकीट भाताच्या शितानं चिकटवलं आहे. उघडलेलं दिसलं तं कळवा, त्याले मी पाहून घेईन.

गोठ अशी आहे. पोळ्यापासून तुमचा भाऊ मागच्या सपरीत, सामानाच्या पडवीत बसते अना आतून कडी लावते. दुपारी जेवला की गेला. काय करून राहिले जी, इचारलं तं म्हणते, "बसलो आहो." धडधाकट माणूस कडी लावून नुसता बसते काय? सपरीतून जळक्या प्लास्टिकचा वास येते. माझा खायचा सोडा संपते. भजे मी कित्येक दिवसात केले नाई, मंग सोडा कोण खाते? पीठ चाळायच्या जुन्या चाळणीची जाळी गेली. कडं मात्र खुंटीले तसंच अडकवून ठेवलं, जसं मी पाहणारच नाई. अना परवा धुवाले टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात नखपालिश पुसायची बाटली भेटली. साठी उलटलेला माणूस, नखात चिखल, त्याले ती बाटली कायले पाहिजे, तुम्हीच सांगा.

पहिले मले वाटलं, बाई असन. हसू नका. मंग मी सपरीच्या फटीतून पाहिलं. हिमांशूच्या स्कूटरवरची ताडपत्री उचललेली. गाडीचं समोरचं थोबाड जागेवर नाई. बाजूचे दोन भागबी नाई. नुसता सांगाडा उभा.

तुमाले ठाऊक आहे, माझं पोरगं गेलं त्याले दोन वर्षं होऊन राहिले. रस्त्यावर धानाच्या बांधीतला चिखल ट्रॅक्टरनं आणून टाकला होता, त्यावर घसरला. तो आला नाई, गाडी आली, थोबाड फुटलेलं. तवापासून मी तिच्यावर ताडपत्री टाकली अना कोणाले हात लावू दिला नाई. तुमच्या भावालेबी नाई. दर सणाले मीच तिची धूळ झाडतो.

माझा संशय असा की बुढा ती गाडी तुकड्यातुकड्यानं विकून राहिला. मागं बोरीत काहीतरी भरून तो सडक अर्जुनीले आला होता. तुमच्याकडं आला काय? बोरीत काय होतं? खरं लिहा. रेणूलेबी सारं माहीत आहे असं मले वाटते. मी आली की दोघं गप होतात. ती भांडे घासाले बसते, घासलेलेच.

हिमांशूचं म्हणून माझ्याजवळ तीन गोष्टी उरल्या. सून, नात अना ती गाडी. तिन्हीतलं एकबी मी या घराबाहेर जाऊ देणार नाई. हे तुमच्या भावाले तुम्हीबी सांगा.

तुमची
रुख्मा


सडक अर्जुनी
१८ सप्टेंबर २०२५

रुख्माले धुरपताचा आशीर्वाद.

कागद भेटला. पाकीट बंदच होतं. उमेंद्रले फालतू काही बोलू नको, बिचारा चहाबी न पिता पुढं गेला.

टिकाराम आला होता, खरं आहे. माझा गुडघा पाहाले आला होता. बोरीत वांगे होते, तुमच्याच घरामागच्या सांदवाडीतले. आम्ही भरीत केलं. बस, एवढीच गोठ. त्यात टेन्शन घ्यायसारखं काय आहे?

तू ना रुख्मा, लग्न होऊन आली तवापासून अशीच. लग्नाच्या पंगतीत तू वाढणाऱ्याले इचारलं होतं, या बुंदीले कालचा वास काऊन येते म्हणून. माणूस दारू पीत नाई, पत्ते कुटत नाई, सपरीत बसते तं बसू दे. प्लास्टिक जाळत असन, मच्छर पळत असतीन. नखपालिशची बाटली रेणूची असन, चुकून त्याच्या खिशात गेली असन. सोड्याचा पुडा मी उमेंद्रसोबत पाठवून राहिली. आता भजे कर अना त्यालेबी दे.

रेणू कशी आहे? पोट भरून जेवते ना? अजून ती राखाडी साडीच नेसते काय? तिले सांग, रंगीत नेसत जा, कोणी काही म्हणत नाई आजकाल. अना तिचा एक चांगला फोटो पाठवजो, उभा, पायापासून डोक्यापर्यंत. आमच्याकडं बायांचा बचतगट आहे, त्यात तिचं नाव टाकावं म्हणतो. सोबत जन्मतारीख लिहून पाठवजो. जन्मवेळ ठाऊक असली तं तीबी लिहजो, गटाले लागते.

खुशीले माझा पापा. ती शाळेत जाते काय, का अजूनबी आजीच्या पदराले धरून बसते?

तुझी
धुरपता


केशोरी
२७ सप्टेंबर २०२५

ती. बाईले नमस्कार.

सोडा भेटला. भजे केले नाई.

बाई, यंदा आमच्या सांदवाडीत वांग्याले अशी अळी लागली की एक झाड उभं राहिलं नाई. मी स्वतः उपटून उकिरड्यावर टाकले. तुम्ही भरीत कायचं केलं? खोटं बोलायचं तं आधी मले इचारून बोलत जा, मी नीट सांगीन काय बोलायचं ते.

आता आयका. मंगळवारी खुशीले पाणी पाजायच्या बहाण्यानं मी सपरीजवळ गेली. कडी लावायची राहिली होती. मी दार ढकललं. तुमचा भाऊ खाली बसला होता, समोर हिमांशूच्या गाडीचं थोबाड, मांडीवर घेतल्यासारखं. स्टोव्हवर लाल केलेला दाभण चिमट्यात धरून तो त्यात भोक पाडून राहिला होता. अना रेणू, माझी सून, फुटीच्या दोन्ही कडा दाबून धरून बसली होती.

मी म्हटलं, "काऊन जी, त्याच्या गाडीले भोकं पाडून राहिले?"

"तडा जिथं संपते तिथं भोक पाडा लागते. नाई तं तो पुढं धावते."

"हे कोणी शिकवलं तुमाले?"

बुढ्यानं रेणूकडं पाहिलं. रेणूनं जमिनीकडं पाहिलं. मी समजली. मोबाईलवर पाहून ती शिकवते अना तो करते. भेगेत माझा सोडा भरतात, वरून फेविक्विक टाकतात, फुस्स करून धूर निघते अना दगडासारखं कडक होते. अना दुसऱ्या दिवशी हात लावला की पपडी निघून तडा पुन्हा मोकळा. हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. ती नखपालिशची बाटलीबी त्यासाठीच, त्यानं प्लास्टिक विरघळते म्हणे. याचं तं तेबी विरघळलं नाई.

"बसल्या बसल्या करून राहिलो," म्हणते तुमचा भाऊ. "नवीन घ्यायचं म्हटलं तं सोन्याच्या भावात सांगतात. घरी होते तं काऊन नाई करायचं?"

कोणासाठी करायचं, हे मी इचारलं. त्याले खोकला आला.

म्हणजे विकून नाई राहिला. पण माझा जीव त्यानं हलका नाई झाला. म्हैस बाजारात न्यायच्या आधी माणूस तिले धुते, शिंगाले तेल लावते. दोन वर्षं कोणाले आठवण नाई आली अना आता थोबाड सुधरवाले बसले, म्हणजे कुठंतरी न्यायचीच आहे.

अजून पुढं आहे. रेणूचा फोन चुलीजवळच्या बोर्डाले लावला होता. तो उजळला, मी पाहिलं. मी सातवीपर्यंत शिकली आहो, वाचता येते. नाव भुपेंद्र. फोटोत मिशी आहे, मांग दुकानाची पाटी, पाटीवर सडक अर्जुनी. लिहिलं होतं, "पाण्यात टाकून पाहा. तरंगते का बुडते ते सांगा." त्याच्याखाली, "बुडलं तं चिकटन. तरंगलं तं दुसरा उपाय करू."

आता ही कोणती भाषा झाली? काय पाण्यात टाकायचं? कोणता दुसरा उपाय? हे दोघायचे इशारे आहेत बाई, मले कोणी सांगाले नको. तवापासून मी रेणूले एकटी सोडत नाई. ती पाण्याले गेली तं मी गुंडी घेऊन मांगं. ती दुकानात गेली तं खुशीले सोबत लावून देतो अना आल्यावर खुशीले इचारतो, आई कोणाशी बोलली. लेकरू म्हणते, दुकानदाराशी.

तुमच्या गावचा माणूस आहे, तुमाले ठाऊक असनच. कोण आहे हा भुपेंद्र?

अना एक सांगा. कोणत्या बचतगटाले जन्मवेळ लागते?

रुख्मा


सडक अर्जुनी
३ ऑक्टोबर २०२५

रुख्माले आशीर्वाद. दसऱ्याचं सोनं इकडूनच देतो.

वांगे टिकारामनं रस्त्यात बाजारातून घेतले असतीन. मले तुमच्या घरचेच वाटले. वांग्यावर कोणी नाव लिहून ठेवते काय? बोरीत वांग्याखाली ते गाडीचे तुकडे होते, हे मी लिहाले विसरली. भुपेंद्रले दाखवाले आणले होते त्यानं.

भुपेंद्र हा आमच्या गल्लीच्या मांगं राहते. हायवेवर त्याचं जुन्या गाड्यायच्या सामानाचं दुकान आहे. पडलेल्या गाड्यायचे भाग काढून ठेवते, कोणाले लागले तं देते. टिकारामले त्यानं सांगतलं की प्लास्टिकच्या जाती असतात, एकाले दुसरी जात धरत नाई, पहिले पाण्यात टाकून ओळखा. टिकाराम म्हणाला, मी जिंदगीभर पाण्याचे पंप सुधरवले, मले नको शिकवू. तुले तुझा नवरा ठाऊकच आहे. म्हणून त्या पोरानं रेणूले कळवलं असन. यात इशारा कुठं आला?

बाकी पोरगा सिधा आहे. बायको तीन वर्षाआधी काविळीनं गेली. लेकरूबाळ नाई. दारू नाई, खर्रासुद्धा नाई. घर सिमेंटचं, मांगं विहीर. आई आहे, पण शांत आहे. पस्तिशीचाबी नसन. तू इचारलं म्हणून लिहिलं, नाई तं मले काय करायचं आहे.

बचतगटाचं म्हणशील तं आमची अध्यक्षीण जरा वेगळीच आहे, तिले सारं लागते. राहू दे, वेळ नको पाठवू.

दिवाळीनंतर तुमच्या गावची मंडईची जत्रा आहे, तवा मी येतो. नाटकबी पाहीन. सोबत कोणी पाहुणा असला तं वाईट मानू नको, मंडईले माणसं येतातच.

रेणूच्या मांगं मांगं फिरू नको रुख्मा. चांगलं दिसत नाई.

तुझी
धुरपता


केशोरी
८ ऑक्टोबर २०२५

धुरपताबाई,

मी कमी शिकली आहो, येडी नाई.

जुन्या सामानाच्या दुकानदाराची बायको कायनं मेली, त्याची विहीर घराच्या कोणत्या बाजूले आहे, हे गाडी सुधरवाले लागते काय? जन्मवेळ, उभा फोटो, रंगीत साडी, शांत आई. तुमचा कागद मी तीनदा वाचला अना सारं माझ्यासमोर उभं राहिलं. माझ्या घरी बसून, माझं मीठ खाऊन, माझा सख्खा नवरा अना माझी नणंद माझ्या सुनेचा पाट लावून राहिले, अना मले भजे कराले सांगून राहिले.

अना कशावर बसवून पाठवणार होते तिले? माझ्या पोराच्या गाडीवर. तिचं थोबाड चिकटवून, रंग मारून. ज्या गाडीवर माझं पोरगं गेलं तिच्यावर बसून माझी सून दुसऱ्याच्या घरी जाणार. तुमाले काहीच वाटलं नाई?

मी काय केलं ते आयका. आज तुमचा भाऊ धान कापाले मजूर पाहाले गेला अना रेणू खुशीले आणाले शाळेत गेली. मी सपरीत गेली. थोबाड, बाजूचे भाग, सारं बोरीत भरलं, मांगच्या बोडीवर नेलं अना पाण्यात उपडी केली. बोरी झटकून घरी आणली. घ्या आता, चिकटवा.

रेणूचा फोन तांदळाच्या डब्यात आहे अना डब्याले कुलूप आहे. तिनं एकदा इचारलं, मी म्हटलं, बिघडला. तिले समजलं असन.

तिले जायचं असन तं जाऊ दे, दोरीनं बांधून ठेवता येत नाई. पण खुशी जाणार नाई. खुशी हिमांशूची आहे. ती हसली की मले तो दिसते. तिले कोणी मिशीवाल्याले पप्पा म्हणाले शिकवन, अना मी इथं बुढ्याच्या तोंडाकडं पाहत बसीन, हे होणार नाई.

तुम्ही मंडईले येऊ नका. नाटक टीव्हीवर पाहा.

रुख्मा


सडक अर्जुनी
११ ऑक्टोबर २०२५

रुख्मा,

हो, मी केलं. वांग्याचंबी खोटं, बचतगटाचंबी खोटं. शिव्या द्यायच्या तं मले दे, मी आयकतो. पण ज्यायले देऊन राहिली त्यायनं काही केलं नाई.

टिकारामले पाटाचं काही ठाऊक नाई. त्याले भुपेंद्र म्हणजे फक्त सामानवाला. रेणूले अर्जुनी मोरगावले एका दवाखान्यात काम भेटून राहिलं, नंबर लावायचं, चिठ्ठ्या द्यायचं. सकाळच्या एसटीनं जाता येते, पण सुटी झाल्यावर परतीची गाडी नाई. तिनं टिकारामले इचारलं, मामाजी, खुशीच्या पप्पाची गाडी सुधरन काय. तुले इचाराची तिची हिंमत नाई झाली. टिकारामचीबी नाई झाली. तुझ्या घरात दोन मोठी माणसं तुले भिऊन सपरीत कडी लावून बसतात, याचा तू कधी विचार केला काय?

पाटाचं मी एकटीनं डोक्यात घेतलं. पोळ्याले आली होती तवा मी रेणूले इचारलं. ती नाई म्हणाली. गणपतीत फोनवर इचारलं, पुन्हा नाई म्हणाली. मंग मी भुपेंद्रचा नंबर तिले पाठवला, प्लास्टिकचं इचार म्हटलं. म्हटलं, बोलले तं बोलले. लबाडी केली, मान्य आहे.

पण रुख्मा, ती पोरगी सव्वीस वर्षाची आहे. गाडीवर एक ताडपत्री टाकली तशी तू तिच्यावरबी टाकली. दोन वर्षं झाले. मले तिच्याकडं पाहून वाईट वाटते, म्हणून मी खोटं बोलली, अना पुन्हा बोलीन.

खुशीचं तू लिहिलं ते वाचून मले रडू आलं. तुझं चुकलं असंबी मले म्हणवत नाई.

पोरीचा फोन परत दे. मी मंडईले येत नाई, तू म्हणशील तवाच येईन.

धुरपता


केशोरी
१७ ऑक्टोबर २०२५

ती. धुरपताबाईले रुख्माचा नमस्कार.

तुमचा कागद भेटला, पण उशिरा. त्याच्याआधीच सारं होऊन गेलं होतं. लिहून राहिली ती गोठ नीट वाचा, मधात चष्मा काढू नका.

मी बोरी उपडी केली तवा आभाळ अंधारून आलं होतं, मी मांगं न पाहता निघून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया धुणं घेऊन बोडीवर गेल्या अना शेजारची चंदा धावत आली. म्हणाली, काकू, तुमच्या हिमांशूची गाडी बोडीत दिसून राहिली. मी गेली. बाजूचे भाग बुडाले होते. पण ते थोबाड बाई, मधोमध तरंगून राहिलं होतं. लाइटच्या जागची दोन भोकं वरती करून, आभाळाकडं पाहत. मले वाटलं होतं, गेलं म्हणजे गेलं.

खुशी ओरडली, पप्पाची गाडी, पप्पाची गाडी. मी तिचा दंड धरला. तेवढ्यात रेणू माझ्या बाजूनं गेली. पदर खोचला अना सरळ पाण्यात उतरली. गुडघ्याएवढं, कमरेएवढं, मंग छातीएवढं. साऱ्या बाया पाहून राहिल्या. मी मनात म्हटलं, पाहा, कशी जीव टाकून राहिली, त्याच्याकडं जायची घाई आहे. तवाबी माझ्या मनात हेच आलं, खोटं कायले सांगू.

ती थोबाड छातीशी धरून वर आली. अंगभर शेवाळ. तवर तुमचा भाऊबी आला होता. मी म्हटलं, आता हा मले मारन. त्यानं थोबाड हातात घेतलं, उलटंपालटं केलं अना म्हणाला, "तरंगलं म्हणजे हे फेविक्विक धरणारं प्लास्टिकच नाई. वितळवूनच जोडा लागते. ते पोरगं सांगून राहिलं होतं, मीच आयकलं नाई." अना हसला. दोन वर्षात तो माणूस पहिल्यांदा हसला बाई, अना तेबी मी केलेल्या घाणीवर.

तवा मले तो मेसेज समजला. तरंगते का बुडते. मी त्याच्यावर केवढा डोंगर उभा केला होता.

घरी येऊन मी रेणूले कोरडी साडी दिली अना सिधं इचारलं, "तुले त्याच्याकडं जायचं आहे ना?"

"कोणाकडं, आई?"

"तो मिशीवाला."

तिनं केस पिळले. मंग म्हणाली, "आत्याबाईनं इचारलं होतं. मी नाई म्हटलं. मी गेली तं तुमच्याकडं कोण पाहीन? मामाजी सपरीत बसतात, तुम्ही ताडपत्रीजवळ बसता. मी कुठंच जात नाई. नोकरी करतो, इथंच राहतो. गाडी तेवढी मले वापरू द्या."

बाई, मी जिंकली होती. मले जे पाहिजे होतं ते तिनं आपल्या तोंडानं दिलं. सून राहीन, नात राहीन, गाडीबी राहीन. मले आनंद व्हायले पाहिजे होता. मी तिच्या मांगं बसली अना तिचे केस विंचराले घेतले. लग्नानंतर पहिल्यांदा. भांगाजवळ एक पांढरा केस होता. सव्वीस वर्षाची पोरगी.

मी म्हटलं, "मी नसती तं तू हो म्हटलं असतं काय?"

मी पुन्हा इचारलं. तवा हळूच म्हणाली, "तो बोलते चांगलं. प्लास्टिकचंच बोलते, पण बोलते."

या एका गोठीवर मी अडकून बसली आहो. आमच्या घरात तिच्याशी कोण बोलते? मी बोलतो. कुठं गेली होती, कोणाचा फोन होता, उशीर काऊन झाला. दोन वर्षं मी तिले एवढंच बोलली. अना एक परका माणूस तिले प्लास्टिकच्या जाती सांगते तं तिले ते चांगलं वाटते. मले फार वाईट वाटलं बाई. मी तिच्या पाठीवर डोकं ठेवून रडली. तीबी रडली. खुशी आली अना म्हणाली, तुम्हाले कोणी मारलं?

फोन डब्यातून काढून दिला. त्यात तांदळाचे दाणे गेले होते, ते तिनं टाचणीनं काढले.

मंग थोबाड सुधरवलं. या वेळी सपरीचं दार सताड उघडं होतं. रेणूनं भुपेंद्रले फोन लावला अना तो सांगत गेला तसं तुमच्या भावानं केलं, चकार शब्द न काढता. घरातल्या फुटक्या बादलीचा तुकडा पाण्यात टाकून पाहिला, तो तरंगला, म्हणजे जात एकच. त्याच्या पट्ट्या कापल्या. सोल्डरिंगची कांडी उमेंद्रकडून आणली. मांगच्या बाजूनं चाळणीची जाळी तापवून तड्यावर दाबली, वरून बादलीच्या पट्ट्या वितळवून भरल्या. कडा मी धरल्या. हात भाजला, पण जोड धरला. ओढून पाहिलं, तुमच्या भावानं गुडघ्याखाली घेऊनबी पाहिलं, उकलला नाई. बाजूचे भाग बोडीतून काढले, ते बुडणारे होते, त्यायचं फेविक्विक अना सोड्यानंच भागलं. बादली हिरवी होती, म्हणून थोबाडावर हिरवा पट्टा आला आहे. रंग मारू म्हणाले, मी म्हटलं राहू द्या, मले दुरून ओळखता येईन.

सोमवारपासून रेणू कामावर जाते. पहिल्या दिवशी ती गाडीवर बसली तवा मी घरात गेली, पाहवलं नाई. दुसऱ्या दिवशी पाहिलं.

आता कामाची गोठ. तुम्ही मंडईले या. अना त्या पाहुण्यालेबी आणा. मी रेणूले इचारलं, पाहुणा आला तं चहा ठेवशील काय. "ठेवीन," म्हणाली अना आत गेली, अना आतून बराच वेळ बाहेर आली नाई. मी समजली. खुशी आपल्या आईसोबत जाईन. हे लिहाले मले दोन दिवस लागले, म्हणून कागद उशिरा येऊन राहिला.

पण तुमच्या भरवशावर मी काहीच करणार नाई. तुम्ही वांगे नसताना भरीत करणाऱ्या. बायको काविळीनं गेली म्हणता, कोणत्या दवाखान्यात होती? दवाई वेळेवर केली का झाडफूक करत बसले? तिच्या माहेरचे लोक अजून त्याच्या घरी येतात का नाई, हे मुख्य. येत नसतीन तं काऊन येत नाई? आई शांत आहे म्हणता. शांत बाई मी आजवर पाहिली नाई, ती शांत कायनं झाली ते मले समजलं पाहिजे. घर कोणाच्या नावावर आहे? तो रेणूले कामावर जाऊ देईन का दुकानात बसवन? खुशीले पाहिल्यावर त्याचं तोंड कसं होते ते मी स्वतः पाहीन, तवा तुम्ही मधात बोलू नका. अना जेवताना त्याच्या बाजूले मी बसीन, तुम्ही नाई. माणूस ताटात काय टाकते त्यावरून लय समजते.

उमेंद्रले मी सांगून ठेवलं आहे, तिकडं आला की त्याच्या दुकानासमोर टेम्पो उभा कर, गिऱ्हाइकाशी कसा बोलते ते आयक अना मले येऊन सांग. भुपेंद्रले हे कळलं तं कळू द्या.

संशयी म्हणान तं खुशाल म्हणा. लेक द्यायची आहे मले. माय चौकशी करणार नाई तं कोण करन?

तुमची
रुख्मा